पावणेचारची सूचना

मी एक रेडिओ बोलतोय. चार मोठ्या सेलवर चालणारा, लाकडी पेटीचा, पुढे जाळीचं कापड असलेला. बेंगळूरला जे. पी. नगरात जगताप मंडळींच्या घरी, पुढच्या खोलीतल्या फळीवर माझी जागा आहे. गेली दोन वर्षं माझ्या तोंडून अक्षर फुटलेलं नाही. ते का, हे सांगायचं म्हणून ही सगळी हकिगत.

माझा जन्म याच गावातला. एका लांबलचक टेबलाशी बायका ओळीने बसायच्या आणि एकेकीच्या हातून माझा एकेक अवयव जोडला जायचा. शेवटच्या बाईने सेल घातले, बटण फिरवलं, आणि माझ्या पोटातून पहिलं वाक्य निघालं ते कुठल्याशा गावी गारा पडल्याचं. तिने समाधानाने मान हलवली आणि मला पुठ्ठ्याच्या खोक्यात घातलं. त्या गावात नक्की काय झालं, किती नुकसान झालं, ते मला कधीच कळलं नाही. रेडिओचं असंच असतं. दुनियेभरच्या बातम्या त्याच्या तोंडून जातात, पण पुढचं त्याला कुणी सांगत नाही.

विठोजीराव जगतापांनी मला घरी आणलं ते एकाहत्तर साली. के. आर. पुरमजवळच्या टेलिफोनच्या कारखान्यात ते कामाला होते. सकाळच्या गाडीने जायचे, संध्याकाळच्या गाडीने यायचे. त्यांचे पूर्वज शहाजीराजांच्या लष्करातून इकडे आले, असं ते अभिमानाने सांगत. तीनशे वर्षांत घरातली मराठी कानडीत चांगली मुरली होती. ‘थोडं’ म्हणायच्या जागी ‘स्वल्प’ यायचं आणि ‘बरं’च्या जागी ‘सरी’.

त्यांची बायको सोयराबाई. तिला माझा राग होता असं नाही, पण लोभही नव्हता. ती मला ‘तुमचं ते’ म्हणायची. “तुमचं ते बंद करा स्वल्प, भाजीवाल्याची हाक ऐकू येत नाही.”

विठोजीराव माझा काटा कधी हलवत नसत. दिल्लीचं एक राष्ट्रीय केंद्र होतं, दिवसभर नुसतं बोलणारं. गाणं-बजावणं जवळजवळ नाहीच. आठवडाभर कारखाना असायचा, म्हणून रविवार त्यांचा आणि माझा. सकाळी सहाला चिंतन. मग बातम्या, आधी हिंदी, मग इंग्रजी, आणि साडेआठला मराठीतल्या दहा मिनिटं. नंतर शेतकऱ्यांसाठी बटाट्यावरच्या करप्याची माहिती. यांच्या दारात दोन कुंड्या, तरी ते ती मन लावून ऐकायचे. बालसभा, विज्ञानावरचं भाषण, श्रोत्यांची पत्रं. दुपारी दोनला नाटक. नाटक संपलं की पावणेचारला कोळ्यांसाठी समुद्राचा अंदाज. बेंगळूरपासून समुद्र दोनशे मैल, पण मंगळूरच्या किनाऱ्यावर लाटा किती उंच आहेत ते या माणसाला ठाऊक असायचं. संध्याकाळी साडेसातला हरवलेल्या माणसांच्या सूचना, हिंदीत. त्या ऐकताना ते हातातलं काम थांबवायचे. “कुणाचं तरी माणूस आहे गं,” म्हणायचे.

तासाला केंद्रावरून वेळेचे सहा ठोके पडत. शेवटच्या ठोक्याला विठोजीराव मनगटावरच्या घड्याळाचा काटा जुळवायचे. हा नेम पंचवीस वर्षांत मोडला नाही.

ते निवृत्त झाले, मुलाचं, उमाकांतचं, लग्न झालं, तो आणि कावेरी कोरमंगलाला राहायला गेले. घरोघर टीव्ही आले. रविवारी सकाळी रस्ता ओस पडायचा, प्रत्येक खिडकीतून एकाच मालिकेचे शंख ऐकू यायचे, आणि या एका घरात मी बटाट्याविषयी बोलत असायचो.

पंचाण्णवच्या पावसाळ्यानंतर विठोजीराव विसरू लागले. आधी चष्मा, मग किल्ली, मग शेजारच्या कृष्णमूर्ती मास्तरांचं नाव. एकदा जेवून उठले, हात धुतले आणि पुन्हा पाटावर येऊन बसले. सोयराबाईने दुसऱ्यांदा दोन घास वाढले. ही गोष्ट तिने कुणाला सांगितली नाही. उमाकांतलाही नाही. 

तो डिसेंबरचा रविवार होता. थंडी पडली होती. सोयराबाई दारात उन्हाला बसून अवरेकाळू, म्हणजे पावट्याच्या शेंगा, सोलत होती, कारण या दिवसांत बेंगळूरच्या घरात दुसरी भाजी शिजत नाही. विठोजीराव माझ्यासमोर खुर्चीत, अंगात तपकिरी स्वेटर, डोळे मिटलेले. नाटक संपलं. पावणेचार झाले.

समुद्राच्या अंदाजाचं पहिलं वाक्य माझ्या तोंडात आलं आणि मध्येच पातळ झालं. दिल्लीचा आवाज लांब लांब गेला आणि त्याच्याखालून दुसरा आवाज वर आला. पालथ्या घंगाळाखालून कुणी बोलावं तसा. बाईचा आवाज होता. वाचून दाखवल्यासारखा नव्हता, आठवून आठवून सांगितल्यासारखा होता.

“नाव विठोजी रघुजी जगताप. वय सदुसष्ट. रंग गव्हाळ. डाव्या भुवईवर जुनी खूण आहे. अंगात तपकिरी स्वेटर, वरून दुसरं बटण निळं. स्वल्प वाकून चालतात. जे. पी. नगरच्या घरातून रविवार दुपारपासून…”

आणि वेळेचे सहा ठोके पडले. पावणेचारला ठोके पडत नाहीत, हे मला पंचवीस वर्षं माहीत होतं. ठोके संपले आणि दिल्लीचा माणूस मंगळूरच्या लाटांविषयी बोलत होता, जणू मध्ये काही झालंच नाही.

सोयराबाई हातातलं सूप तसंच घेऊन आत आली.

“अहो, ऐकलंत का?”

विठोजीरावांनी डोळे उघडले. “काय?”

“आत्ता काय सांगितलं त्याने?”

“समुद्र शांत आहे म्हणाला.”

ती त्यांच्यासमोर वाकली. एकेक बटण तिने बोटाने मोजलं. पाचही तपकिरी होती. “झोप लागली असेल मला,” असं ती पुटपुटली आणि परत उन्हात जाऊन बसली. पण सोलणं पुढे झालं नाही.

दुसऱ्या दिवशी तिने कुंपणापाशी कृष्णमूर्ती मास्तरांना गाठलं. त्यांच्याकडेही रेडिओ होता आणि त्याच केंद्राचा कार्यक्रमांचा छापील कागद त्यांच्या भिंतीवर लावलेला असे.

“मास्तर, पावणेचारला हरवलेल्यांच्या सूचना देतात का हल्ली?”

“इल्ला, अक्का. नाही देत. त्या साडेसातला. त्याही हिंदीत.”

“मराठीत?”

मास्तर हसले. “तुमच्या मराठीत दिल्लीहून दहा मिनिटं बातम्या येतात तेवढ्याच. का, काय झालं?”

“काही नाही,” ती म्हणाली. घरात येऊन ती माझ्यापुढे उभी राहिली.  मग हळूच, मला नाही, स्वतःलाच म्हणाली, “दिल्लीचं कोण ‘स्वल्प’ म्हणेल?”

त्या आठवड्यात स्वेटरचं दुसरं बटण तुटलं. दाराच्या कडीत अडकलं आणि घरंगळत नाहीसं झालं. सोयराबाईने सगळी खोली झाडली, पाट उचलून पाहिले, पण बटण काही सापडलं नाही. “असू दे तसंच,” ती म्हणाली, “नवीन लावायचं नाही.” दुपारी ती दळण आणायला गेली तेव्हा विठोजीरावांनी तिचा शिवणाचा डबा काढला. कारखान्यात बारीक तारा जोडलेले हात ते. सुईत दोरा ओवायला तीन खेपा लागल्या, पण ओवला. डब्यातलं जे पहिलं बटण हाताला लागलं ते त्यांनी लावलं.

ती आली तेव्हा ते लहान पोरासारखे छाती पुढे काढून उभे होते. “बघ, मी लावलं.”

बटण निळं होतं.

सोयराबाईच्या हातातला पिठाचा डबा खाली टेकला तो आवाज माझ्या पेटीपर्यंत आला. ती रागावली नाही. “छान लावलंत,” म्हणाली. संध्याकाळी ते झोपल्यावर तिने स्वेटर घडी करून पत्र्याच्या ट्रंकेत तळाशी ठेवला आणि वर जुन्या साड्या रचल्या.

पुढच्या रविवारी ती सव्वातीनलाच माझ्याजवळ स्टूल घेऊन बसली. विठोजीरावांना फार आनंद झाला. “तूही ऐकतेस का? नाटक संपत आलंय,” म्हणाले आणि नाटकातली माणसं कोण कोण ते सांगू लागले. सगळी चुकीची सांगत होते. ती मान डोलवत राहिली.

पावणेचारला आवाज आला. तोच, तसाच खालून. नाव, वय, भुवई, स्वेटर, निळं बटण, आणि त्यानंतर घसा साफ करणंही तसंच. या वेळी एक वाक्य जास्त होतं. “हातात कापडी पिशवी असेल, रेडिओचे सेल आणायला गेलेत.” मग ठोके. पण ठोक्यांनंतर तो आवाज संपला नाही. आणखी क्षणभर राहिला, आणि त्याच्यामागे लोखंडाचा खडखडाट होता, कर्ण्यातून कानडीत कसलीशी घोषणा होती, चहावाल्याची आरोळी होती. त्या गलबल्यात बाई म्हणाली, “इथंच बसा. हलू नका. मी येते.”

 विठोजीराव शेजारी बसून मनगटावरच्या घड्याळाकडे पाहत होते. “ठोके पडले ना?” त्यांनी विचारलं. “माझं घड्याळ सव्वा तास मागे दाखवतंय.”

तेव्हा मला कळलं, की ठोके त्यांनीही ऐकले होते.

मला एवढंच सांगायचं आहे की तो आवाज मी केला नाही. माझ्याकडे आवाज करायला काही नाहीच. येतं ते मी देतो. पण ते कुठून येत होतं, हे मी माझ्या प्रत्येक तारेला विचारलं आणि एकीलाही सांगता आलं नाही.

तिसरा रविवार उजाडला. सोयराबाईने मनाशी काहीतरी ठरवलं होतं. विठोजीराव आंघोळीला गेले असताना तिने माझं मागचं झाकण उघडलं, चारही सेल काढले आणि तांदळाच्या डब्यात खोल पुरले. तिचा हिशोब सरळ होता. सूचना झालीच नाही, तर माणूस हरवणार कसा?

मला बोलता येईना, पण ऐकू येत होतं. विठोजीरावांनी बटण फिरवलं. पुन्हा फिरवलं. कानाशी धरून हलवलं. “अगं, हा बोलत नाही.”

“बिघडला असेल. एक दिवस राहू द्या.”

“रविवार आहे,” ते म्हणाले.

ते दिवसभर अस्वस्थ होते. किती वाजले, सहा की साडेआठ, बातम्या होऊन गेल्या का, असं विचारत घरभर फिरत होते. जेवण झाल्यावर ती मागच्या मोरीत भांडी घासायला बसली. फार तर पाऊण तास. तेवढ्यात त्यांनी सेल शोधायला घर उपसलं. कपाट, डबे, शेवटी ट्रंक. साड्या बाहेर पडल्या, तळाचा स्वेटर हाताला लागला. थंडी होतीच. त्यांनी तो घातला, खुंटीवरची कापडी पिशवी घेतली आणि मला म्हणाले, “थांब, तुझे सेल घेऊन येतो.”

हे मी पाहिलं. हाक मारता आली असती तर मारली असती. पण ज्या गोष्टीने मी हाक मारतो, ती तांदळाच्या डब्यात होती.

सोयराबाई हात पुसत आली. ट्रंक उघडी होती. दार उघडं होतं.

कोपऱ्यावरच्या दुकानदाराने सांगितलं, हो, आले होते, दोन सेल घेऊन गेले. पुढे कुठे, ते त्याने पाहिलं नव्हतं. मास्तरांनी सायकलवरून सगळ्या गल्ल्या पालथ्या घातल्या. उमाकांत आणि कावेरी स्कूटरवरून आले. देऊळ, बसथांबा, दवाखाना, सगळीकडे बघून झालं. पाचला काही मिनिटं कमी असताना पोलीस ठाण्यातून एक हवालदार माहिती लिहून घ्यायला घरी आले. आप्पाजी त्यांचं नाव, वयस्क, शांत माणूस. सोयराबाई कानडीत सांगू लागली आणि तिची जीभ अडखळू लागली.

“अक्का, मराठीतच सांगा,” ते म्हणाले. “मी निपाणीचा. घाबरू नगा. सावकाश आठवून सांगा.”

ती नेमकी माझ्यासमोर, फळीला टेकून उभी होती. तिने श्वास घेतला.

“नाव विठोजी रघुजी जगताप. वय सदुसष्ट.”

माझ्या पेटीतलं लाकूड गार पडलं.

“रंग गव्हाळ. डाव्या भुवईवर जुनी खूण आहे. अंगात तपकिरी स्वेटर, वरून दुसरं बटण निळं.” ती थांबली, घसा साफ केला. दोन्ही रविवारी त्या आवाजाने तो याच जागी साफ केला होता. “स्वल्प वाकून चालतात. हातात कापडी पिशवी असेल, रेडिओचे सेल आणायला गेलेत. जे. पी. नगरच्या घरातून रविवार दुपारपासून…”

शेजारी मास्तरांच्या रेडिओवर पाचचे ठोके पडले. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा.

आप्पाजींची पेन्सिल थांबली. “पुढं, अक्का?”

सोयराबाई भिंतीकडे पाहत होती. आपलाच आवाज आपल्याला परका वाटतो, म्हणून इतके दिवस तिला तो ओळखू आला नव्हता. आता आला. ती हळूहळू माझ्याकडे वळली, आणि तिच्या डोळ्यांत जी भीती होती तशी मी कुणाच्या डोळ्यांत पाहिलेली नाही. मी तिचंच बोलणं, ती बोलायच्या आधी, तिला दोनदा ऐकवलं होतं.

“अत्ते, काय झालं?” कावेरीने सासूचा हात धरला.

“ठोक्यांनंतर स्टेशन होतं,” सोयराबाई म्हणाली.

“कसलं स्टेशन?”

“गाडीचं. कर्णा होता. चहावाला होता.” ती उमाकांतकडे वळली. “के. आर. पुरम. तीस वर्षं त्याच फलाटावर उतरले ते. चल, मला घेऊन चल. मी येते म्हणून सांगितलंय त्यांना.”

“कधी सांगितलंस, आई?”

 चप्पल घालून ती निघालीसुद्धा होती.

साडेसातच्या सुमाराला रिक्षा दारात थांबली. आधी सोयराबाई उतरली आणि मग तिच्या हाताला धरून विठोजीराव. पाय सुजले होते, ओठ सुकले होते. पिशवीत दोन सेल होते. कावेरीने पाणी दिलं, मास्तर शेजारी येऊन बसले.

उमाकांतने विचारलं, “अप्पा, असं कसं गेलात? आणि तिथे बसून काय राहिलात?”

“कामावर जायचं वाटलं,” विठोजीराव म्हणाले. “मग गाडीतून उतरलो आणि कारखाना कुठल्या बाजूला ते सुचेना. रुळांतून पलीकडे निघालो होतो. एक पाय खाली टाकला, तेवढ्यात कर्ण्यावरून तुझी आई म्हणाली, इथंच बसा, हलू नका, मी येते. म्हणून मागे फिरून बाकावर बसलो.” त्यांनी मनगट पुढे केलं. “घड्याळ पाहिलं मी. पावणेचार वाजले होते.”

 पावणेचारला सोयराबाई जे. पी. नगरच्या गल्ल्यांतून त्यांना शोधत फिरत होती, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

आप्पाजी दुसऱ्या दिवशी कागद बंद करायला आले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. “माझी आजी म्हणायची,” ते टोपी काढत म्हणाले, “ज्यानं माणूस घरी आलं, त्याची चौकशी करू नये.”

सोयराबाईने तांदळातले सेल काढले, पदराने पुसले आणि स्वतःच्या हाताने माझ्यात घातले. त्यानंतर तिने मला कधी ‘तुमचं ते’ म्हटलं नाही. ती मला काहीच म्हणत नसे. पण रविवारी ती विठोजीरावांच्या शेजारी स्टूल घेऊन बसू लागली, सकाळच्या चिंतनापासून. पावणेचार जवळ आले की तिचा हात त्यांच्या मनगटावर जायचा. कोळ्यांचा अंदाज सुरळीत पार पडला की हात निघायचा. असे जवळजवळ शंभर रविवार गेले. त्यांना आता तिचं नाव आठवत नव्हतं. कधी ते तिला ‘बाई’ म्हणत, कधी ‘अक्का’. ती म्हणायची, “सरी, अक्का तर अक्का.”

मग सत्त्याण्णवचा नोव्हेंबर आला. विठोजीरावांना आठवडाभर ताप होता, छातीत कफ होता. डॉक्टर येऊन गेले होते. रविवार होता, ते पलंगावर झोपले होते आणि सोयराबाई त्यांच्या तळपायांना तेल चोळत होती. नाटक संपलं. पावणेचार वाजले.

दिल्लीचा आवाज पातळ झाला.

मी ओळखलं. दोन वर्षांत मी ती वाट विसरलो नव्हतो. खालून तो आवाज वर येऊ लागला. सोयराबाईचाच होता, पण घोगरा, रडून रडून बसलेला. कुणाला तरी टेलिफोनवर सांगत असावी तसा. तो माझ्या जाळीपर्यंत पोहोचायच्या आधी, केसाएवढ्या वेळात, मी तो आत ऐकला.

“विठोजी रघुजी जगताप. वय एकोणसत्तर. रविवारी पहाटे झोपेतच…”

ही सूचना शोधून देण्यासाठी नव्हती.

पलंगाशी बसलेल्या त्या बाईकडे मी पाहिलं. मी जे बोललो ते आजवर घडलं होतं. हेही मी बोललो असतो आणि तिने ऐकलं असतं, तर पुढचे सगळे दिवस ती एका पहाटेची वाट बघत बसली असती. कदाचित नुसत्या वाट बघण्यानेच ती पहाट आली असती. मला माहीत नाही. रेडिओने विचार करायचा नसतो. पण त्या क्षणी मी केला.

चार सेलांत होता नव्हता तेवढा जोर मी पोटात ओढला आणि सगळा एकदम सोडला. पेटी हादरली. स्पीकरकडे जाणारी तांबडी तार कट्‌कन सुटली. जळक्या लाखेचा वास आला. आणि तो शब्द माझ्या आत राहिला.

सोयराबाई दचकून उठली. तिने बटण फिरवलं. दिवा लागत होता, काटा सरकत होता, आवाज नव्हता. तिने कान माझ्या जाळीला लावला. किती वेळ लावून धरला होता, सांगता येत नाही. मग ती सरळ झाली, पलंगाकडे पाहिलं, विठोजीरावांच्या छातीचं वरखाली होणं पाहिलं, आणि बटण बंद केलं. मला वाटतं, तिला कळलं. काय ते नसेल कळलं, पण काहीतरी मी गिळलं एवढं कळलं.

मंगळवारी त्यांचा ताप उतरला.

तेव्हापासून मी मुका आहे. कावेरी दोनदा म्हणाली, “अत्ते, आमच्याकडे कोरमंगलाला चांगला दुरुस्तीवाला आहे, नेऊ का?” सोयराबाईने दोन्ही वेळा सांगितलं, “नको. त्याला बोलायचं नसेल तर राहू दे.”

पण रविवार मुका जात नाही. सकाळी सहाला ती पलंगाशी स्टूल ओढते आणि स्वतःच सुरू करते. आधी चिंतन, चार ओळींचं. मग बातम्या, गल्लीतल्या. शेतकऱ्यांसाठी कुंडीतल्या तुळशीची खबर. श्रोत्यांची पत्रं तर ती मनानेच रचते. धारवाडच्या कुणी एका शालनने लिहिलंय, की आम्ही सगळे खुशाल आहोत. दुपारी नाटकातल्या सगळ्या माणसांचे आवाज ती एकटी काढते, आणि चोराचा आवाज काढताना कधी कधी विठोजीराव हसतात. तिला ते ओळखत नाहीत. पण इतकी वर्षं ऐकलेलं हे केंद्र लागल्याचं त्यांना कळतं, आणि तिने वेळेचे ठोके तोंडाने दिले की त्यांचं बोट रिकाम्या मनगटावर किल्ली फिरवल्यासारखं हलतं.

त्या सूचनेत वय एकोणसत्तर होतं. गेल्या महिन्यात विठोजीरावांना एकाहत्तर पूर्ण झाली.

आता एकच काळजी आहे. काल उमाकांत आला होता. आई मागे कपडे वाळत घालत असताना त्याने मला उचललं, उलटं करून पाहिलं आणि कावेरीला हळूच म्हणाला, “एक तार तर सुटलीये. आईला न सांगता नीट करून आणतो. येत्या रविवारी फळीवर ठेवून एकदम चालू करू. दोघांना बरं वाटेल.” चांगला मुलगा आहे. त्याच्या मनात आईबापांचं सुखच आहे.

म्हणून तुमच्याशी बोलतोय. तुमच्यापैकी कुणाची उमाकांतशी ओळख असली, तर रविवारच्या आत त्याला गाठा. मला भंगारात द्या म्हणावं, पेटी फोडून चुलीत घाला म्हणावं, माझी काही तक्रार नाही. फक्त ती तार जोडू नका. तो शब्द अजून माझ्या तोंडात आहे.